नवे स्पीकर निवडताना: आधी खोली मोजा, मग ऐकायला जा

स्पीकर बदलताना बहुतेक जण शेवटची पायरी सगळ्यात आधी चढतात. दुकानात जातात, दोन-तीन जोड्या ऐकतात, एक आवडते, ती घरी येते. मग पंधरा दिवसांत कुरबूर सुरू होते. बास घुमतो, गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत, तासाभरात कान शिणतात. स्पीकर वाईट नसतात. ते ज्या खोलीत वाजणार होते, ज्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालणार होते, त्याचा विचार खरेदीच्या आधी झालेला नसतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. मोठ्या दालनात ऐकून भारावलो आणि कमरेएवढे उंच टॉवर स्पीकर चार मीटर बाय तीन मीटरच्या खोलीत आणले. खर्जातला एक ठरावीक सूर आला की कपाटाची काच थरथरायची आणि तो सूर बाकी सगळ्या संगीतावर बसायचा. सोफ्यावरून उठून दोन पावलं पुढे गेलं की तोच सूर जवळपास नाहीसा व्हायचा. आठ महिने मी तारा, स्टँड, अ‍ॅम्प बदलत राहिलो. दोष खोलीच्या लांबीत होता आणि ती मी मोजलीच नव्हती.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या पाच टप्प्यांत खिशाला हात घालायचा नाही.

## १. नेमकी तक्रार लिहून काढा

"आवाज चांगला नाही" ही तक्रार नव्हे. तीन संध्याकाळी तुमचं नेहमीचं संगीत ऐका आणि जे खटकतं ते कागदावर लिहा. कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी, किती आवाजावर, हे सगळं. तक्रार जितकी नेमकी, तितकी निवड सोपी.

एकच खर्जातला सूर घुमत असेल, तर कारण बहुधा खोली आणि जागा. आवाज वाढवल्यावरच कर्कश होत असेल, तर अ‍ॅम्पची ताकद कमी पडते आहे किंवा स्पीकर त्याच्या मर्यादेपलीकडे चालला आहे. सगळ्या आवाजावर, सगळ्या गाण्यांत "स" आणि "श" टोचत असतील, तर स्पीकरच्या स्वभावाकडे बोट दाखवता येतं. गायक दोन स्पीकरच्या मधोमध उभा असल्यासारखा न वाटता आवाज इकडेतिकडे पसरत असेल, तर मांडणी तरी चुकली आहे किंवा एका तारेची जोडणी उलटी आहे. खालचा खर्ज मुळीच ऐकू येत नसेल, तर नव्या जोडीऐवजी सबवूफरनेच, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरनेच, काम भागू शकतं.

तपासा: कागदावर निदान तीन नेमक्या तक्रारी आहेत का? नसतील तर तुम्हाला बदल हवासा वाटतो आहे, पण कशासाठी ते अजून ठरलेलं नाही. तशा मनःस्थितीत जो स्पीकर जास्त झगमगीत वाजतो तोच निवडला जातो.

## २. जुन्या जोडीला एक प्रामाणिक संधी द्या

या टप्प्याला अर्धा दिवस लागतो. कित्येकांचा खर्च इथेच वाचतो.

आधी जोडणी पाहा. अ‍ॅम्पची लाल खूण स्पीकरच्या लाल खुणेला, काळी काळ्याला, दोन्ही बाजूंना. एका बाजूला उलटसुलट झालं की एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायकाचा आवाज हवेत विरघळल्यासारखा होतो. खात्री करायची सोपी युक्ती अशी: दोन्ही स्पीकर वीतभर अंतरावर समोरासमोर ठेवा, गाणं मोनो करून (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) हळू आवाजात लावा आणि ऐका. मग अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत खर्ज भरदार येतो, ती बरोबर.

मग अ‍ॅम्पवरचे बास, ट्रेबल, लाउडनेस हे सगळे मधल्या स्थितीत आणा किंवा बंद करा. फोनवरून गाणी लावत असाल तर त्यातलं इक्वलायझरही बंद करा. वर्षानुवर्षं बास वाढवून ठेवलेला असतो आणि घरातल्या कोणाला ते आठवतही नसतं.

शेवटी स्पीकर कोपऱ्यातून आणि शेल्फाच्या खणातून बाहेर काढा. दोन खुर्च्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर पुढे आणा, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येऊ द्या. आता तक्रारींचा कागद घेऊन पुन्हा ऐका. जी तक्रार नाहीशी झाली ती खोडा.

सावधान: तारा काढता-जोडताना अ‍ॅम्प बंदच हवा. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होऊन अ‍ॅम्प जळू शकतो. टोकं पीळ देऊन घट्ट करा.

## ३. खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजा. मग १७२ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. येणारं उत्तर म्हणजे त्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सर्वांत आधी घुमणारा सूर, हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती कंपनं). आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि ज्या सुराची अर्धी तरंगलांबी खोलीच्या लांबीएवढी असते तो तिथे उभा राहतो, त्यावरून हा १७२ आला.

माझ्या खोलीत ४ मीटर लांबीमुळे ४३ हर्ट्झ आणि ३ मीटर रुंदीमुळे ५७ हर्ट्झ येतात. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर असते, म्हणजे तिच्या आसपासचे सूर माझ्या घरात फुगणारच. जो स्पीकर ३५ हर्ट्झपर्यंत दणदणीत वाजतो तो या खोलीतली अडचण जागी करतो. जो ५५ हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरत जातो त्याला इथे भिंतीच मदत करतात. मोठ्या स्पीकरचा बास नेहमीच चांगला असतो ही समजूत लहान खोलीत अशी पडते.

लांबी आणि रुंदी सारखी असेल तर एकाच सुरावर दुप्पट भार येतो. चौरस खोलीत स्पीकर निवडताना खर्जाची हाव आणखी कमी ठेवा, किंवा खर्ज वेगळा हाताळता येईल अशी सबवूफरची सोय आधीच धरून चाला.

खोलीत काय काय आहे तेही लिहा. उघडी फरशी, काचेच्या खिडक्या, मोकळ्या भिंती असतील तर वरचे सूर उड्या मारत राहतात. जाड पडदे, गालिचा, कापडी सोफा, भरलेलं पुस्तकांचं कपाट असेल तर ते शोषले जातात. उघड्या खोलीत चकचकीत ट्रेबलचा स्पीकर चार दिवसांत असह्य होतो. शक्य असेल तर स्पीकर आणि तुमची खुर्ची यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी टाकून ऐका. पैसे न घालता मिळणारी ही सर्वांत मोठी सुधारणा ठरू शकते.

तपासा: इंटरनेटवर सूर चढवत नेणारी चाचणी सहज मिळते. २० ते २०० हर्ट्झची लावा, आवाज मध्यम ठेवा आणि नेहमीच्या जागी बसा. कुठे फुगतो, कुठे गायब होतो, कुठे काच वाजते ते आकड्यांसह टिपा. हा कागद पुढे तुमच्यासोबत दुकानात येणार आहे.

## ४. बसायची आणि स्पीकरची जागा ठरवा

स्पीकर आले की जागा बघू, असं म्हणू नका. जागा ठरल्याशिवाय प्रकार ठरत नाही.

दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरमध्ये दोन मीटर अंतर असेल तर तुम्ही दोन-सव्वादोन मीटरवर. पाठ भिंतीला लावून बसलात तर खर्ज फुगतो. खोलीच्या लांबीच्या अगदी मध्यावर बसलात तर तोच पहिला सूर गायब होतो. माझ्या बाबतीत दोन पावलांचा जो फरक पडत होता त्याचं कारण हेच. मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांशावर खुर्ची ठेवून सुरुवात करा आणि मग वीत-वीत पुढे-मागे सरकून पाहा.

आता स्पीकरच्या मागची भिंत. तिच्यावर आपटून परत येणारा खर्ज समोरून निघालेल्या आवाजाला एका ठरावीक सुरावर मारतो. कुठला सूर ते काढायचं तर ८६ ला स्पीकरचा दर्शनी भाग ते भिंत या अंतराने भागा, अंतर मीटरमध्ये. ६० सेंटीमीटर म्हणजे सुमारे १४३ हर्ट्झला खड्डा. पुरुषाच्या आवाजाचा भारदारपणा साधारण याच पट्ट्यात असतो, म्हणून अशा मांडणीत गायक पातळ वाटतो आणि खापर स्पीकरवर फुटतं. स्पीकर भिंतीच्या जवळ नेला की हा खड्डा वरच्या सुरांकडे सरकतो आणि तिथे तो कमी खुपतो, पण बास एकूणच वाढतो. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत, म्हणून तुमच्या घरात स्पीकर भिंतीपासून जास्तीत जास्त किती पुढे राहू शकतो तो आकडा प्रामाणिकपणे लिहा. रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेत अडीच फूट पुढे आणलेला स्पीकर आठवड्यात पुन्हा भिंतीला टेकतो.

हा आकडा ३० सेंटीमीटरच्या आत असेल तर पाठीमागे पोर्ट (पेटीतली हवा बाहेर सोडणारं भोक) असलेले स्पीकर यादीतून शक्यतो वगळा. बंद पेटीचे किंवा पुढून पोर्ट असलेले पाहा. मागच्या पोर्टसोबत फोमचा बोळा मिळत असेल तर काम चालतं, पण तो लावूनच ऐकायचं हे लक्षात ठेवा.

## ५. अ‍ॅम्पचं गणित करा

मला सर्वांत जास्त प्रश्न येतात ते इथे, आणि सर्वांत जास्त पैसे वाया जातात तेही इथेच.

स्पीकरवर लिहिलेला "२०० वॅट" हा आकडा तो किती मोठा वाजेल ते सांगत नाही. तो किती सोसेल एवढंच सांगतो, तेही ढोबळ. मोठा किती वाजेल ते सेन्सिटिव्हिटी सांगते: ठरलेल्या विजेवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल (आवाजाच्या मोठेपणाचं माप). बहुतेक घरगुती स्पीकर ८३ ते ९१ डेसिबलच्या दरम्यान असतात. हा फरक लहान दिसतो, पण दर ३ डेसिबलला अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते.

उदाहरण करून पाहू. तुम्ही ३ मीटरवर बसता. स्पीकर ८६ डेसिबलचा. तीन मीटरवर पोहोचेपर्यंत मोकळ्या जागेत साधारण साडेनऊ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर मिळून ३ वाढतात. म्हणजे एकेका वॅटवर तुमच्या कानापाशी सुमारे ७९ ते ८०. निवांत पण भरपूर ऐकायचं तर सरासरी ७५ डेसिबल पुरे होतात, मात्र तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका सरासरीच्या वर १५-२० डेसिबल उसळतो. ती उसळी ९५ धरली तर १५-१६ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे प्रत्येक चॅनलला सुमारे ४० वॅट. स्पीकर ९० डेसिबलचा असता तर १६ वॅटमध्ये भागलं असतं. ८३ चा असता तर ८० लागले असते. बंद खोलीत भिंती थोडी मदत करतात, ती राखीव समजा.

आता तुमच्या अ‍ॅम्पचा आकडा पाहा आणि त्यापुढच्या अटी वाचा. "८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल चालू" असं लिहिलेले ५० वॅट खरे. "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १० टक्के विकृती" असं लिहिलेले १०० वॅट त्या पन्नासांपेक्षा कमी भरू शकतात.

मग इम्पिडन्स, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध, ओहममध्ये. ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा स्पीकर लावला की त्याच आवाजाच्या खुणेवर अ‍ॅम्पकडून दुप्पट करंट ओढला जातो. अ‍ॅम्पच्या पाठीवर किमान किती ओहम चालेल ते छापलेलं असतं, ते फोनमध्ये टिपून घ्या. आणखी एक मेख आहे. सेन्सिटिव्हिटी पुष्कळदा २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहममध्ये त्याचा १ वॅट होतो, ४ ओहममध्ये २ वॅट. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरचे ८९ डेसिबल वॅटच्या हिशेबाने ८६ च असतात.

सावधान: "कमी ताकदीच्या अ‍ॅम्पने स्पीकर सुरक्षित राहतो" हे खरं नाही. अ‍ॅम्पला त्याच्या कुवतीपलीकडे ताणलं की लहरींचे शेंडे कापले जातात, त्यातून वरच्या सुरांची ऊर्जा वाढते आणि ट्वीटरची नाजूक कॉइल तापून जळते. आवाज खरखरीत झाला की खुंटी मागे घ्या.

सावधान: एकाच अ‍ॅम्पवर समांतर दोन जोड्या लावायचा विचार असेल तर आठ-आठचे चार ओहम होतात, चार-चारचे दोन. दोन ओहम बहुतेक घरगुती अ‍ॅम्प सोसत नाहीत.

## ६. प्रकार ठरवा

वरचे चार कागद हातात असतील तर हा निर्णय पाच मिनिटांचा आहे.

पंधरा चौरस मीटरपर्यंतची खोली असेल आणि भिंत जवळ असेल, तर स्टँडवरचे बुकशेल्फ, म्हणजे लहान पेटीचे, स्पीकर. मोठी खोली असेल, पुढे आणायला जागा असेल आणि तीन मीटरच्या पलीकडे बसत असाल, तर फ्लोअरस्टँडरचा, म्हणजे जमिनीवर उभ्या टॉवर स्पीकरचा, विचार करा. फ्लोअरस्टँडर बुकशेल्फइतकीच जमीन व्यापतो हे विसरू नका, कारण बुकशेल्फलाही स्टँड लागतोच. त्याला टेबलावर किंवा कपाटात ठेवायचं ठरवत असाल तर चौथ्या टप्प्यावर परत जा.

एक सल्ला मी ठामपणे देतो. चांगली बुकशेल्फ जोडी आणि पुढेमागे एक सबवूफर, ही वाट बहुतेक खोल्यांत टॉवरपेक्षा बरी पडते. गाणं सर्वांत मोकळं ऐकू येईल अशी स्पीकरची जागा आणि खर्ज सर्वांत सरळ येईल अशी जागा क्वचितच एक असते. सबवूफर वेगळा असला की दोघांना आपापल्या जागी ठेवता येतं.

अ‍ॅम्प जुना होऊन बदलायलाच आला असेल तर आत अ‍ॅम्प असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकरही यादीत घ्या. पाचव्या टप्प्यातलं बरंचसं गणित उत्पादकाने तुमच्यासाठी केलेलं असतं. फक्त प्रत्येक स्पीकरपाशी विजेचा प्लग लागेल, तो आहे का ते आधी बघा.

सिनेमासाठी पाच स्पीकरची व्यवस्था असेल तर पुढची जोडी बदलताना सेंटर स्पीकरही त्याच मालिकेतला घ्या. नाही तर पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज मध्येच बदलतो. मात्र तक्रार फक्त संवाद न कळण्याची असेल तर आधी सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या खणातून पुढच्या कडेपर्यंत ओढा आणि कानाच्या दिशेने थोडा वर कलता करा. त्यानेही भागलं नाही तरच खरेदीचा विचार. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्यांच्या) मध्ये एकच ट्वीटर असेल तर बाजूच्या खुर्चीवरून आवाज पोकळ होऊ शकतो, म्हणून तो सोफ्याच्या टोकाला बसूनही ऐका.

## ७. माहितीपत्रक वाचून यादी तीनवर आणा

"३५ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ" एवढंच लिहिलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. त्यापुढे "अधिक-उणे ३ डेसिबल" असेल, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज एवढाच वर-खाली होत असेल, तर त्याला अर्थ आहे. "उणे १० डेसिबल" असेल तर त्या ३५ हर्ट्झचा आवाज तुम्हाला बाकीच्या निम्माच जाणवेल. दोन स्पीकरची तुलना एकाच अटीवर करा.

मोजमापांचे आलेख मिळत असतील तर ते जरूर पाहा. सीटीए-२०३४ या मानकाप्रमाणे स्पीकर चहूबाजूंनी, आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर मोजतात आणि त्यातून काही ठरावीक रेषा काढतात. घाबरायचं कारण नाही, दोनच गोष्टी बघायच्या. समोरून मोजलेली रेषा बऱ्यापैकी सपाट आहे का? आणि बाजूंनी मोजलेल्या रेषा उजवीकडे हळूहळू, गुळगुळीत उतरतात का? बाजूच्या रेषेत २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास अचानक फुगवटा दिसला तर वूफर आणि ट्वीटरचा सांधा नीट जमलेला नाही. समोर बसून थोडा वेळ ऐकताना तो कळत नाही, पण खोलीच्या भिंतींवरून तोच आवाज कानावर येत राहतो आणि तासाभराने कान शिणतात.

शेवटी तीनच नावं ठेवा. पाच ऐकलेत तर पहिला कसा होता ते पाचव्यापर्यंत आठवत नाही.

जुनी जोडी विकत घेणार असाल तर वूफरच्या कडेचं फोम बोटाने अलगद दाबून पाहा. चिकट लागलं किंवा भुगा सुटला तर ते कुजलं आहे. मग पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाब देत किंचित आत ढकला. घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल वाकडी आहे, ती जोडी सोडा. दोन्ही ट्वीटरला जवळून कान लावून ते खरंच वाजतात याची खात्री करा, कारण वूफर चालू असताना बंद ट्वीटर गडबडीत लक्षात येत नाही.

## ८. ऐकायची यादी घरी बनवा

पाच-सहा तुकडे, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचे, जे तुम्हाला पाठ आहेत. दुकानातलं गाणं त्यांच्या स्पीकरला शोभेल असं निवडलेलं असतं.

एक ओळखीचा पुरुषी आवाज आणि एक बाईचा, दोन्ही कमी वाद्यांत. उत्तम ध्वनिमुद्रणातला तानपुरा, कारण त्यातल्या वरच्या स्वरांची गुंजी ट्रेबल खरखरीत असेल तर लगेच फाटते. पियानो, कारण खालपासून वरपर्यंत एकाच वाद्याचा रंग बदलता कामा नये. डबल बास किंवा बास गिटारची चढती-उतरती चाल, ज्यात प्रत्येक सूर सारख्याच वजनाने यायला हवा. दाट वाद्यमेळ, ज्यात सगळं एकदम वाजतं. आणि एक खराब मुद्रण, कारण घरी तुम्ही तेही ऐकणार आहात. ज्या स्पीकरवर फक्त निवडक मुद्रणंच चांगली वाजतात तो रोजच्या संसाराला उपयोगाचा नाही.

## ९. तुलना आवाज जुळवूनच करा

दोन स्पीकरपैकी जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक "मोठा" म्हणून ओळखू येत नाही, तो "जास्त स्पष्ट, जास्त जिवंत" म्हणून जाणवतो. खुंटी एकाच जागी ठेवून केलेली तुलना त्यामुळे फुकट जाते, कारण सेन्सिटिव्हिटी जास्त असलेला स्पीकर आधीच जिंकलेला असतो.

फोनवर आवाज मोजायचं साधं अ‍ॅप घ्या. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर फोन धरा आणि पिंक नॉइज (सगळ्या सुरांचा सलग फसफसता आवाज) वाजवा. एका स्पीकरजोडीवर ७२ आकडा आला तर दुसऱ्या जोडीवर खुंटी फिरवून ७२ च आणा, निदान अर्ध्या डेसिबलच्या आत. फोनचा आकडा मुळात अचूक नसेलही, पण तोच फोन त्याच जागी असला की फरक मोजायला पुरतो. दोन्ही खुणा कागदावर लिहा. मी एकदा हा उद्योग केला तेव्हा ज्या जोडीच्या मी प्रेमात पडलो होतो ती दुसरीपेक्षा सव्वादोन डेसिबल मोठी वाजत होती. आवाज जुळवल्यावर दुसरी जोडी साफ पुढे गेली.

मग एकच तुकडा पहिल्यावर, तोच दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. पूर्ण गाणी ऐकत बसू नका, ती शेवटी. प्रत्येक तुकड्यानंतर तक्रारींच्या कागदातला एकच मुद्दा तपासा. ऐकताना बोलू नका आणि शेजारच्यालाही बोलू देऊ नका. "बघा, आता ट्वीटर कसा उघडतो" हे वाक्य कानावर पडलं की तुम्हाला तेच ऐकू येणार.

तपासा: दुकानातला अ‍ॅम्प तुमच्या अ‍ॅम्पच्या ताकदीचा आहे का? खोली केवढी आहे? स्पीकर भिंतीपासून किती दूर आहेत? तुमच्या घरातल्या अंतरावर सरकवून ऐकू द्या म्हणून मागा. एका खोलीत वीस जोड्या भिंतीला रचून ठेवलेल्या असतील तर तिथे खर्जाबद्दल मत बनवू नका, आवाजांच्या खरेपणापुरतंच ऐका.

पहिल्या दहा मिनिटांत दिपवणाऱ्या स्पीकरपासून जपून राहा. वाढवलेला खर्ज आणि वाढवलेला ट्रेबल लगेच ओळखू येतात, हवेसे वाटतात आणि तेच आधी छळायला लागतात.

## १०. घरी आणल्यावर एका वेळी एकच बदल

पैसे देण्याआधी परत करायची मुदत लेखी घ्या. खोका, थर्माकोल, पिशव्या जपून ठेवा.

नवे स्पीकर आधी बरोबर जुन्यांच्याच जागी ठेवा, जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून. त्याच दिवशी नवा अ‍ॅम्प, नव्या तारा, नवा प्लेअर आणू नका, नाही तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही. तारेची चिंता फारशी नको. पाच-सहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. त्याहून लांब असेल किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील तर अडीचची घ्या.

दोन दिवस तसंच ऐकल्यावर सरकवायला लागा. आधी भिंतीपासूनचं अंतर, एका वेळी दहा सेंटीमीटर, कान बासच्या चालीवर. ते जमलं की आतल्या बाजूला वळवणं. स्पीकर सरळ समोर ठेवून सुरुवात करा आणि थोडे-थोडे आत वळवत जा. गायकाचा आवाज मध्यावर बोटाने दाखवता येईल इतका ठाम झाला की थांबा. ट्रेबल टोचू लागला तर थोडे परत फिरवा. दोन्ही बाजूंची मापं पट्टीने सारखी करा. दोन-तीन सेंटीमीटरचाही फरक मध्यावरचा आवाज हलवतो.

सबवूफर असेल तर तो सर्वांत शेवटी. तुमच्या खुर्चीत सबवूफर ठेवा, बासची चाल लावा आणि जिथे तो ठेवता येण्यासारखा आहे त्या भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत ऐका. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू येतात तिथे त्याला हलवा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. सबवूफर कुठे आहे ते ऐकून ओळखता येत असेल तर तो जास्त मोठा लावला आहे किंवा क्रॉसओव्हर फार वर आहे.

"शंभर तास वाजवल्यावर आवाज खुलेल" असं सांगितलं जाईल. पडदे सुरुवातीला थोडे मोकळे होतात, पण त्याहून जास्त सवय कानाला होते. तिसऱ्या टप्प्यातल्या ४३ हर्ट्झच्या घुमण्यावर किंवा टोचणाऱ्या "स"वर वापराने इलाज होत नाही. परत करायची मुदत या आश्वासनात घालवू नका.

## ११. आठवड्याने जुने स्पीकर पुन्हा लावा

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही, कारण जुनी जोडी तोवर कोणाला तरी देऊन टाकलेली असते. देऊ नका.

सात-आठ दिवस नव्यांवर ऐकल्यानंतर एका संध्याकाळी जुने स्पीकर चिकटपट्टीच्या खुणांवर ठेवा, फोनने आवाज जुळवा आणि पहिल्या टप्प्यातला कागद समोर घ्या. काय हरवलं ते ऐका. गायकाच्या आवाजातला श्वास, तबल्याच्या थापेनंतरची आस, किंवा नुसताच तासभर न शिणता ऐकता येणारा मोकळेपणा हरवल्यासारखा वाटला आणि कागदावरच्या तक्रारी जशाच्या तशा परत आल्या, तर नवी जोडी ठेवा. हरवलं काय ते शोधावं लागत असेल, तर खोका अजून घरात आहे आणि मुदतही संपलेली नाही.